मदत हवी आहे : एनबीएच्या धर्तीवर गावांच्या बास्केटबॉल लीगचा हंगाम आखायचा आहे

केळापूरकर :
नमस्कार मंडळी. आमच्या केळापूर तालुक्यात, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, यंदापासून गावागावांच्या संघांची बास्केटबॉल लीग सुरू करायचे ठरले आहे आणि तिचा हंगाम अगदी एनबीएसारखाच, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगसारखाच असावा असा सर्व खेळाडूंचा आग्रह आहे. तेथे प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो हे आम्हाला ठाऊक आहे, परंतु ३० संघ असताना प्रत्येकाशी दोनदा खेळल्यास ५८ सामने होतात आणि तीनदा खेळल्यास ८७, मग हे मधले ८२ कुठून येतात हे काही केल्या जुळत नाही. ते सूत्र कोणी सांगितले की आम्ही आमचे आकडे त्यात बसवून घेऊ. रविवारी वर्गणीदारांची बैठक असून त्यांच्यापुढे छापील वेळापत्रक ठेवायचे आहे, तेव्हा कृपया लवकर उत्तर द्यावे. ‘एवढ्याशा लीगला एनबीए कशाला?’ हा प्रश्न गावात पुष्कळ ऐकून झाला आहे, तो इथे नको.

गणितमास्तर :
सूत्र सोपे आहे. तेथे पूर्व आणि पश्चिम अशा दोन कॉन्फरन्स आहेत, प्रत्येकीत १५ संघ आहेत आणि त्या १५ संघांच्या पाच-पाचच्या तीन डिव्हिजन आहेत. दुसऱ्या कॉन्फरन्समधील १५ संघांशी प्रत्येकी दोन म्हणजे ३० सामने, आपल्या डिव्हिजनमधील चौघांशी प्रत्येकी चार म्हणजे १६, आपल्याच कॉन्फरन्समधील उरलेल्या दहांपैकी सहा संघांशी प्रत्येकी चार म्हणजे २४ आणि राहिलेल्या चौघांशी प्रत्येकी तीन म्हणजे १२. बेरीज करून पाहा, ८२ भरतात.

मात्र हे सूत्र तुमच्या कामाचे नाही, कारण ते अंतरावर बेतलेले आहे. बोस्टनच्या संघाला वारंवार पोर्टलंड गाठावे लागू नये म्हणून जवळच्यांशी जास्त आणि लांबच्यांशी कमी सामने, एवढाच त्यामागचा विचार. तुमचे संघ किती, मैदाने किती आणि हाताशी शनिवार-रविवार किती, हे सांगितल्याशिवाय कोणालाही वेळापत्रक करता येणार नाही.

पहाटेचा प्रेक्षक :
उत्तम उपक्रम! मुलांना थेट सामने दाखवणार असाल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दिसतो, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि तोच सामना आपल्याकडे सहाला सुरू होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर पुन्हा पाच. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने थंडीच्या दिवसांत सकाळी नऊच्या सुमारास लागतात, म्हणजे शाळा-कॉलेज असणाऱ्यांना त्यांचा उपयोग शून्य.

केळापूरकर :
सामने कसे पाहायचे हे आम्ही विचारलेले नाही. आमची मुले ते बरोबर शोधून काढतात.

मास्तर, सूत्राबद्दल आभार. संघ आठ आहेत आणि मैदान अर्थातच एक आहे, ते आमच्या गावातील शाळेचे. दोन गट करून आपल्या गटाशी दोनदा आणि दुसऱ्या गटाशी एकदा खेळवले तर चालेल का? म्हणजे तेवढे तरी एनबीएसारखे होईल.

गणितमास्तर :
चालेल, पण हिशेब पाहा. चार-चारचे दोन गट केले तर प्रत्येक संघाचे आपल्या गटात सहा आणि दुसऱ्या गटाशी चार असे दहा सामने होतात आणि एकूण ४० भरतात. आठवड्याला चार सामने, म्हणजे प्रत्येक संघाचा एक, असे धरल्यास केवळ साखळीलाच दहा आठवडे लागतील. सरळ साखळी घेतली तर प्रत्येकाचे सात आणि एकूण २८ सामने सात आठवड्यांत संपतात. हंगाम कोणत्या महिन्यात घेणार आहात?

रेडर चंद्रपूर :
माझे स्पष्ट मत असे की ही लीगची भानगडच नको. आमच्याकडे कबड्डीचे खुले सामने दोन रात्रींत आटोपतात, हरला तो बाहेर, पहिले बक्षीस ठळक ठेवले की लांबलांबचे संघ आपणहून येतात आणि गाव जागे राहते. बाद पद्धतीत आठ संघांचे फक्त सात सामने होतात. वर्गणीदारांनाही तेच आवडते, कारण त्यांना दोन महिने कोणी बोलावत नाही.

केळापूरकर :
बाद पद्धत आम्ही पाहिली आहे आणि म्हणूनच ती नको आहे. एखाद्या गावची पोरे वर्षभर सराव करतात, गाडी ठरवून येतात, चाळीस मिनिटांत हरतात आणि भरलेल्या डब्यांसह परत जातात. पुढच्या वर्षी त्या गावातून संघ येत नाही, कारण बास्केटबॉल म्हणजे एक प्रवास आणि एक पराभव एवढेच त्यांच्या वाट्याला आलेले असते. एनबीएत २०-२५ सामने जिंकणारा संघही एप्रिलपर्यंत खेळतच असतो. आम्हाला नेमके तेच हवे आहे.

हंगाम डिसेंबर-जानेवारीत घेणार आहोत. त्याआधी कापसाची वेचणी ऐन भरात असते, तेव्हा निम्मे संघ वावरात असतील.

जुना पंच, अमरावती :
या सर्व चर्चेत मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. मैदानावरील दोन्ही रिंगा जमिनीपासून बरोबर ३.०५ मीटरवर आहेत काय? आपल्याकडील शाळांच्या मैदानांवर पावसाळ्यानंतर रिंगेमागच्या फळीचे प्लायवूड पाणी पिऊन फुगते, बोल्ट ढिले होतात आणि रिंग पुढच्या बाजूने बोटभर खाली झुकते. तशा रिंगेवर फळीला लावून मारलेला चेंडू भलतीकडेच जातो. शिवाय एकच रिंग झुकलेली असेल तर प्रत्येक संघाला अर्धा सामना तीवर खेळावा लागणार आणि पहिल्याच आठवड्यात भांडण होणार. दोन्ही रिंगांचे फोटो टाका.

दुसरे असे की सामना किती मिनिटांचा ठेवणार? एनबीएत १२ मिनिटांची चार सत्रे असतात, आपल्याकडे सर्वत्र फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांप्रमाणे १० मिनिटांची. एनबीएत सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, फिबात पाचव्या.

केळापूरकर :
काका, एक रिंग थोडी झुकलेली आहे, ती वेल्डिंगवाल्याकडून सरळ करून घेऊ. सामना ४० मिनिटांचाच ठेवणार आहोत. तीन गुणांची रेषा मात्र मुलांनी एनबीएच्या मापाने ७.२४ मीटरवर ऑइलपेंटने आखून टाकली आहे.

जुना पंच, अमरावती :
ती पुसा. फिबाची रेषा ६.७५ मीटरवर आहे आणि जिल्हा किंवा विभागीय स्पर्धेत तुमची मुले त्याच रेषेवर खेळणार आहेत. शिवाय मैदानाच्या दोन्ही बाजूंना, कोपऱ्यांकडे, एनबीएची रेषाही सुमारे ६.७ मीटरपर्यंत आत येते. तुमच्या मुलांनी सगळीकडे ७.२४ चा सरसकट कंस ओढला असेल तर १५ मीटर रुंदीच्या मैदानात कोपऱ्यात उभे राहायलाही जागा उरणार नाही.

पहाटेचा प्रेक्षक :
रेषेवर वाद घालत बसू नका, हंगामाचा खरा प्राण प्ले-इन आहे. एनबीएत प्रत्येक कॉन्फरन्समधील पहिले सहा संघ थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत जातात. सातवा आणि आठवा एकमेकांशी खेळतात व जिंकणारा सातवा ठरतो, नववा आणि दहावा खेळतात व हरणारा घरी जातो, मग पहिल्या सामन्यात हरलेला आणि दुसऱ्यात जिंकलेला यांच्यात आठव्या जागेसाठी सामना होतो. २०२३ मध्ये मायामी हीट पहिला प्ले-इन सामना अटलांटाकडून हरला, मग शिकागोला हरवून कसाबसा आठवा आला आणि तेथून अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला. तेथे डेन्व्हरने त्यांना ४-१ ने हरवले ही गोष्ट वेगळी. तुम्ही पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत घ्या आणि तिसरा ते सहावा यांचा प्ले-इन ठेवा. तीनच सामने वाढतात. अंतिम फेरी मात्र एका सामन्याची ठेवू नका, किमान तीन सामन्यांची मालिका ठेवा. एका दिवशी कोणीही जिंकतो.

गणितमास्तर :
आठपैकी सहा संघ पुढे जाणार असतील तर सात आठवडे खेळायचेच कशाला? एनबीएत ३० पैकी २० जणांना दार उघडे राहते, त्यावरच तेथे टीका होते, आणि तुम्ही तर पाऊण लीग आत घेत आहात. पहिले तीन थेट घ्या आणि चौथ्या-पाचव्या संघाचा एकच सामना ठेवा.

पहाटेचा प्रेक्षक :
मास्तर, तुम्ही कागद पाहता आहात, गाव पाहत नाही. पहिले पाच सामने हरलेल्या संघाला पुढे काहीच आशा उरली नाही तर तो सहाव्या आठवड्यात गाडी करून येईल, असे तुम्हाला खरोखर वाटते काय?

जुना पंच, अमरावती :
येईल, जर गुणतक्ता नीट ठेवला तर. एनबीएत क्रमवारी विजयाच्या टक्केवारीवर लागते, कारण तेथे कोणी सामन्याला यायचे राहून जात नाही. फिबाच्या पद्धतीत विजयाला दोन गुण, पराभवाला एक आणि मैदानावर न येणाऱ्याला शून्य असते, आणि त्याचा सामना २०-० असा नोंदवला जातो. पराभवाचा तो एक गुण हजेरीचा आहे. गावच्या लीगमध्ये याच पद्धतीने तक्ता ठेवावा. त्याबरोबर प्रत्येक संघाकडून अनामत घ्यावी आणि शेवटचा साखळी सामना खेळल्यावरच ती परत करावी. दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी त्यांच्या आपसातील सामन्याचा निकाल पाहावा, गुणफरकाकडे लगेच धावू नये, नाहीतर दुबळ्या संघावर शेवटच्या मिनिटापर्यंत गुण चढवत बसतात.

केळापूरकर :
काका, हे पटले, लिहून घेतले.

प्ले-इनचे तीन सामने बसणार नाहीत असे दिसते, कारण डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरुवात केली तरी साखळी जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते आणि निम्म्याहून अधिक खेळाडू बारावीला आहेत. फेब्रुवारीत परीक्षा आहे, त्याआधी प्रात्यक्षिके. मुख्याध्यापकांनी १ फेब्रुवारीच्या पुढे मैदान मिळणार नाही असे बजावले आहे.

पहाटेचा प्रेक्षक :
ही माहिती पहिल्याच संदेशात हवी होती.

केळापूरकर :
बारावीची परीक्षा फेब्रुवारीत असते हे सगळ्यांना माहीत आहे.

गणितमास्तर :
आता दिवसाचे सामने ठरवा. चाळीस मिनिटांचा सामना थांबत-थांबत दीड तास घेतो. डिसेंबरात पावणेसहाला अंधारून येते, त्यामुळे दिवे नसतील तर शनिवारी आणि रविवारी दुपारी चारनंतर प्रत्येकी एकच सामना होईल आणि उरलेले दोन रविवारी सकाळी घ्यावे लागतील. दिव्यांची सोय आहे का?

केळापूरकर :
दिवे आहेत, वीज बेभरवशाची आहे. रविवारी दुपारनंतर मात्र काहीही ठेवता येणार नाही, कारण त्या दिवशी आमच्याकडे बाजार भरतो आणि बैलगाड्या, टेम्पो सर्व शाळेच्या फाटकापर्यंत येतात.

गणितमास्तर :
मग शनिवारी चारला एक आणि रविवारी सकाळी साडेसात, सव्वानऊ आणि अकराला तीन. जोड्या अशा लावा. वरच्या ओळीत डावीकडून १, २, ३, ४ लिहा आणि त्यांच्या बरोबर खाली ८, ७, ६, ५. समोरासमोरचे खेळतील : १-८, २-७, ३-६, ४-५. पुढच्या आठवड्यात १ जागेवर ठेवा आणि बाकीचे सात आकडे घड्याळाच्या दिशेने एक घर सरकवा. जोड्या होतील १-७, ८-६, २-५, ३-४. असे सात आठवडे केले की प्रत्येक संघ प्रत्येकाशी बरोबर एकदा खेळतो. कोणत्या गावाला कोणता आकडा, हे सर्वांसमोर चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे नंतर तक्रार राहत नाही.

पुढच्या शनिवारी चौथा-पाचवा, रविवारी दुसरा-तिसरा उपांत्य सामना, पहिल्या क्रमांकाचा उपांत्य सामना २६ जानेवारीच्या सुटीला झेंडावंदनानंतर आणि अंतिम सामना त्यापुढच्या रविवारी. एकूण ३२.

रेडर चंद्रपूर :
म्हणजे शेवटी बाद पद्धतच आली की नाही?

जुना पंच, अमरावती :
सात सामने खेळून झाल्यावर आली, फरक तेवढाच आणि तोच महत्त्वाचा आहे. केळापूरकर, एक सूचना राहिली. २४ सेकंदांचे घड्याळ विकत घेण्याच्या भरीस पडू नका. चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत बास्केटकडे फटका मारलाच पाहिजे, हा नियम एनबीएने १९५४ मध्ये आणला, कारण आघाडीवरचा संघ चेंडू धरून वेळ काढत बसे. ४८ मिनिटांचे २८८० सेकंद आणि चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून १२० फटके, असा भागाकार करून तो आकडा काढला होता. नियम पाळा, पण मेजावर बसणाऱ्याच्या हातात स्टॉपवॉच द्या आणि शेवटचे दहा सेकंद त्याला मोठ्याने मोजायला सांगा.

कास्तकार :
आमचे गाव या आठांपैकी एक आहे, म्हणून लिहितो. शनिवारी चारचा सामना कृपया आमच्या वाट्याला देऊ नये. परतीची शेवटची एसटी साडेपाचला निघते आणि त्यानंतर पोरांना दुचाकीवर तिघे-तिघे बसून अंधारात यावे लागते.

शिवाय मैदान यजमानांच्याच गावचे आहे, एनबीएसारखे ४१ घरचे आणि ४१ बाहेरचे असे काही इथे नाही, म्हणजे साती सामन्यांत टाळ्या त्यांनाच पडणार. त्याची भरपाई म्हणून निदान वेळा तरी आमच्या सोयीच्या ठेवाव्यात.

केळापूरकर :
दादा, टाळ्यांचे आम्ही काय करणार? वेळेचे मात्र खरे आहे. मास्तर, जोड्या न बिघडवता हे जमेल काय? बैठक परवावर आली आहे.

गणितमास्तर :
जमेल. चक्राने फक्त कोण कोणाशी खेळणार हे ठरते, किती वाजता खेळणार हे ठरत नाही. त्या आठवड्यातील चार जोड्यांपैकी ज्या दोन संघांचा परतीचा रस्ता सर्वांत जवळचा, त्यांना शनिवार द्या. लांबच्यांना रविवारी सव्वानऊ किंवा अकरा द्या, म्हणजे त्यांना सकाळच्या पहिल्या गाडीने येता येईल. यजमान संघाला सकाळी साडेसातची वेळ द्या, त्यांना कुठूनही यायचे नाही. आठही गावांची अंतरे आणि एसटीच्या वेळा आज रात्रीपर्यंत टाका, मी सातही आठवड्यांचा तक्ता करून देतो.