नोटीस बोर्डावरचं निलंबन (सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

देसाई काकू, बी-२०३ : लिफ्टशेजारच्या बोर्डावर काय लावलंय ते वाचलं का कुणी? "सी-१०४ यांचे सभासदत्व ३ महिन्यांकरिता निलंबित." काय हो, शाळेतलं पोर आहे का वर्गाबाहेर उभं करायला?

गोखले काका, ए-३०१ : ठरावाची प्रत टाका.

सेक्रेटरी, बी-४०१ : काकू, नमस्कार. निर्णय विचारपूर्वक घेतलाय. वार्षिक सभेत माइक कुणी ओढून घेतला, वॉचमनला कोण काय बोललं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालंय. शिस्त नको का?

देसाई काकू : माइक ओढला कारण टाकीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल विचारलं की माइकच बंद पडत होता.

सेक्रेटरी : माइक भाड्याचा होता.

रोहन, सी-५०२ : भाडं किती पडलं? हिशोबात टाकलंय ना 😄

सेक्रेटरी : रोहन, तू भाडेकरू आहेस. सभासदांच्या विषयात न बोललेलं बरं.

रोहन : ठीक आहे. गणपतीची वर्गणी द्यायच्या वेळी आठवण करून देईन.

गोखले काका : ठरावाची प्रत टाका.

वैद्य मॅडम, ए-५०२ : सुप्रभात. उपविधींचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं, पुस्तक घेऊन बसले आहे. कमिटीने सभासदाला निलंबित करावं असं एकही कलम मला सापडलं नाही. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात कलम ३५ आहे, पण ते हकालपट्टीचं. तो अधिकार सर्वसाधारण सभेचा. मताचा हक्क असलेल्या हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांश बाजूने लागतात, आणि सहकार खात्याच्या निबंधकांनी मान्यता दिल्याशिवाय तोही ठराव पोकळच.

सेक्रेटरी : मॅडम, आम्ही हकालपट्टी कुठे केली? फक्त निलंबन. सौम्य कारवाई आहे.

वैद्य मॅडम : मोठी शिक्षा द्यायचा अधिकार नाही, मग छोटी कुठून आणली? शिवाय हकालपट्टीलाही सभेच्या आधी निदान महिनाभर त्या माणसाला नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. इथे चिकटपट्टी लावून काम झालं.

जाधव, बी-१०१ : बाकी काही असो, माझ्या पार्किंगमध्ये त्यांची गाडी ११ दिवस होती. मी बोललो तेव्हा कुणी कलम काढलं नाही.

सौ. पाटील, सी-१०४ : ११ नाही, ४ दिवस. आणि तुम्ही गावाला गेला होतात.

जाधव : वहिनी, तुम्ही अजून ग्रुपवर?

सौ. पाटील : यांना ग्रुपवरून काढलं काल रात्री. मी सहयोगी सभासद आहे, माझा नंबर विसरले बहुतेक.

(सेक्रेटरी यांनी हा मेसेज डिलीट केला आहे)

देसाई काकू : काय डिलीट केलं? वाचलं मी.

चेअरमन, ए-१०२ : सर्वांना नमस्कार. मी परवापासून नाशिकला आहे. नोटिशीवर माझी सही नाही. विषय फोनवर निघाला होता एवढंच.

गोखले काका : म्हणजे ठराव झालाच नाही. तरीही प्रत टाका.

सेक्रेटरी : साहेब, तुम्हीच म्हणालात "बघून घ्या".

चेअरमन : बघून घ्या म्हणजे समजावून सांगा.

रोहन : 🙊

कुलकर्णी आजोबा, सी-३०२ : हापूस ५ डझनाची पेटी, देवगडची, भाचा घेऊन येतोय. हवी असल्यास आजच सांगा.

देसाई काकू : आजोबा, एक. पण थांबा जरा.

जाधव : समजा उद्या मी मेंटेनन्स ३ महिने भरला नाही. मला तरी निलंबित करणार का?

वैद्य मॅडम : नाही. तीन महिने थकलं तर थकबाकीदार. निवडणूक लढवता येत नाही, व्याज लागतं, तेही उपविधींच्या मर्यादेतच आणि सरळव्याज. वसुलीचा दाखला हवा तर उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. सगळ्याला रस्ता आहे, फक्त तो लांबचा आहे.

सौ. पाटील : थकबाकी शून्य आहे आमची. गंमत म्हणजे ज्या दिवशी सभासदत्व निलंबित झालं त्याच दिवशी पुढच्या तिमाहीचं बिल दारात. सिंकिंग फंडासकट, म्हणजे मोठ्या दुरुस्तीच्या राखीव निधीसकट.

सेक्रेटरी : बिलं मॅनेजर काढतो.

देसाई काकू : आणि नोटिसा?

सेक्रेटरी : काकू, पद मी पैशासाठी घेतलेलं नाही. रात्री ११ वाजता पंप बिघडला की फोन मलाच येतो. कुणाला करून बघायचंय त्याने अर्ज द्यावा.

वैद्य मॅडम : कामाबद्दल कुणाचा वाद नाही हो, खरंच नाही. पण ग्रुपवरून काढणं ॲडमिनच्या हातात असतं म्हणून सभासदत्वही हातात आहे असं वाटलं, इथे घोळ झाला. ग्रुप उपविधीत नाही. सी-१०४ चा शेअर दाखला आहे.

जाधव : पार्किंगचं काय मग?

गोखले काका : आधी प्रत.

चेअरमन : सेक्रेटरी साहेब, नोटीस आज बोर्डावरून काढा. पार्किंग आणि टाकीचं बिल दोन्ही कमिटीच्या पुढच्या सभेत घेऊ. पाटलांनाही बोलवा.

सेक्रेटरी : काढतो. पण मागे घेतली असं समजू नये. तूर्तास काढतोय.

वॉचमनकडून, गेट : साहेब, बोर्डाची काच लॉक आहे. चावी कुठं?

सेक्रेटरी : माझ्याकडेच आहे. दुपारी जेवण झाल्यावर येतो.

देसाई काकू : आम्ही खाली थांबतो.

कुलकर्णी आजोबा : मग पेट्याही खालीच ठेवतो. ३ झाल्या, अजून कुणी?

गोखले काका : ठरावाची प्रत टाका.