मदत हवी आहे: रोड ट्रेनच्या शेवटच्या ट्रेलरचा आतला टायर तापतोय

मंडळी, ऑस्ट्रेलियात ट्रिपल (एका ट्रकमागे तीन ट्रेलर असलेली रोड ट्रेन) चालवणारं कुणी इथे असेल तर सल्ला हवाय. एकूण लांबी ५३.५ मीटर, टायर ११आर२२.५, थंड असताना हवा १०० पीएसआय. स्टुअर्ट हायवेच्या डांबरावर काही त्रास नाही. पण टनामीच्या कच्च्या रस्त्यावर, जिथे तो पन्हाळी पत्र्यासारखा होतो, तिथे ७०-८० किलोमीटरनंतर तिसऱ्या ट्रेलरच्या मागच्या अ‍ॅक्सलचा डाव्या जोडीतला आतला टायर बाहेरच्यापेक्षा २०-२५ अंश जास्त गरम लागतो.

इन्फ्रारेड गनने हब आणि ड्रम मोजले, दोन्ही बाजूंना सारखेच. म्हणजे बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक नाही. जोडीत दगडही अडकलेला नाही. गरम असताना बाकीचे टायर ११५ पीएसआय दाखवतात, हा ९८. हवा आधी कमी होते, साइडवॉल जास्त वाकते आणि मग तो तापतो, असं दिसतंय. संशय व्हॉल्व्हच्या रबरी एक्स्टेन्शनवर (आतल्या टायरचा व्हॉल्व्ह बाहेरून हाताशी यावा म्हणून लावलेल्या नळीवर) आहे, पण उभ्या गाडीवर साबणाच्या पाण्याला एकही बुडबुडा नाही! हादऱ्यातच गळत असेल का?

दोन गोष्टी सांगा:
एक, एक्स्टेन्शन धातूच्या जाळीचं घ्यावं की काढूनच टाकावं? काढलं तर आतल्या टायरचा गेज रिमच्या भोकातून कसा लावता?
दोन, पूर्ण लोड असताना कच्च्यावर वेग कमी ठेवून थंड हवा ९० वर आणणं कितपत सुरक्षित? (गरम टायरची हवा सोडायची नसते, ते माहीत आहे.)

‘नवा टायर टाक’ नको, तो बदलून झालाय. जुनंच एक्स्टेन्शन मात्र परत बसवलं होतं.