तलावपाळीची फेरी: तुम्ही कुठून सुरू करता?

परवा पुण्याहून भाची आली. "मामा, ठाण्यात बघण्यासारखं काय आहे?" मी मॉलचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि माझीच मला लाज वाटली. तिला मासुंद्यावर, म्हणजे आपल्या तलावपाळीवर नेलं. हे गडकरी रंगायतन, ते सेंट जॉनचं चर्च, तिकडे कौपिनेश्वर. देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये नव्यानं बांधलं, इथवर माझी गाडी धावली. पुढचं तिनं विचारलेलं एकही येईना. म्हणून हा धागा. गाइडछाप माहिती नको. तळ्याभोवती तुम्ही काय पाहिलंत, कुणाबरोबर, तेवढं लिहा.

० चरईतून लिहितेय. रंगायतन १९७८ मध्ये सुरू झालं, माझं लग्न त्याच्या पुढच्या वर्षीचं. नाटक सुटलं की सासूबाई सरळ घरी यायच्या नाहीत. तळ्याला एक पूर्ण फेरी, तीही मुकाट्यानं. नाटक कसं होतं ते फेरी संपल्यावरच सांगायचं! एकदा मला राहवलं नाही, चर्चपाशीच बोलले. तर म्हणाल्या, "थांब गं, माझा अजून तिसरा अंक चाललाय." अजून एकटीनं गेले तरी त्या वळणावर तोंड मिटतं.

० बाबा मला किल्ला बघायला न्यायचे म्हणजे तुरुंगाच्या भिंतीपाशी उभं करायचे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथूनच १८१६ मध्ये पळाले. ही गोष्ट बाबा रंगवून सांगायचे, बाहेर गाणी म्हणत निरोप पोचवणाऱ्या, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारासकट (खरंखोटं त्या मोतद्दारालाच ठाऊक). पण १९ एप्रिलला गोष्ट नाही. १९१० मध्ये त्या दिवशी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना आत फाशी दिलं. बाबा भर उन्हात चपला काढून उभे राहायचे. डांबर तापलेलं असायचं, एकेक पाय उचलून धरायचे. मला मात्र चपला काढू द्यायचे नाहीत.

० आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आता इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. ठाण्यातलं सिनेगॉग १८७९ चं, शाअर हाशामाईम, पण आजी त्याला मशीदच म्हणायची. आमच्यात जुनी माणसं तसंच म्हणतात. शनिवारी दिवसभर पैशाला हात लावायचा नाही, त्यामुळे तलावपाळी अंधार पडल्यावर. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटला आणि भेळ सुरू! आम्ही पोरं दुपारपासून तारे शोधायचो. पावसाळ्यात फार हाल.

० पायडलची बोट घेतली, मी आणि धाकटा भाऊ. मधोमध गेल्यावर सुकाणू अडकलं. अर्धा तास एकाच जागी गोल गोल. काठावरून आई ओरडत होती, "पुरे झालं, या आता!"

० फेरीत मराठी ग्रंथसंग्रहालय धरता की नाही? १८९३ ची संस्था आहे. मी आधी पुस्तक बदलायचो, मग तळ्यावर पहिली वीस पानं. हल्ली बाक मिळाला तर! दिवाळी पहाटेला तर तरुण गर्दीत तळंच दिसत नाही. कुरकुर नाही, मीही पंचविशीत तिथे पुस्तक वाचायला जात नव्हतो.

० कुणी रेल्वेबद्दल लिहिलंच नाही. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती आपल्याच गावात. माझी फेरी तिथूनच सुरू होते: स्टेशन, जांभळी नाका, देऊळ, तळं. नाक्यावर भाजी घेतली की संपली. शेवटची अर्धी फेरी पिशवीतल्या मेथीसह.

० धागाकर्ते, भाचीनं विचारलं काय होतं ते तरी सांगा!

० "मामा, तळं आधी की गाव आधी?"