मदत हवी आहे: चिकट अल्बममध्ये अडकलेली जुनी बेसबॉल कार्डं कशी सोडवायची?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत मुरलेले बरेच जण इथे आहात म्हणून विचारतोय. टॉप्स कंपनीची १९५५ ते १९७३ मधली बेसबॉल कार्डं (खेळाडूंचे फोटो छापलेली, लोक जमवतात ती) आहेत, पण ती फोटोंच्या जुन्या चिकट पानांच्या अल्बममध्ये लावलीयत, तो वरून प्लास्टिक असायचं ना तसला. गोंद पिवळा पडलाय आणि कार्डं पानाला गच्च बसलीयत. कोपरे न फाटता काढायची कशी?

अल्बम आमच्या शेजारच्या आजोबांचा. आम्ही पिट्सबर्गला, आजोबा जन्मापासून इथलेच आणि पायरेट्सचे, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमचे, कट्टर फॅन. सीनियर होममध्ये राहायला गेले तेव्हा अल्बम माझ्या मुलाला दिला, म्हणाले पुढे विकायचा तर वीक पण आधी यातला एकेक जण कोण होता ते माझ्याकडून ऐकून घे. त्यामुळे आता रविवारी आम्ही अल्बम घेऊन त्यांच्याकडे जातो, आणि खरं सांगतो, मला बेसबॉल कळायला लागलं ते तिथे बसून.

हार्वी हॅडिक्स हे पायरेट्सच्या पिचरचं (बॉल टाकणाऱ्याचं) नाव मी कधी ऐकलंही नव्हतं. त्याचं १९६० चं कार्ड आडवं आहे, एका बाजूला रंगीत चेहरा आणि शेजारी बॉल टाकतानाचा छोटा ब्लॅक अँड व्हाइट फोटो. २६ मे १९५९ ला मिलवॉकीत या माणसाने १२ इनिंग्ज परफेक्ट टाकल्या, म्हणजे ओळीने ३६ बॅटर आउट, एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिलं नाही, आणि तरी आपल्या टीमला एकही रन काढता आला नाही म्हणून १३ व्या इनिंगला मॅच हरला! पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम विजेतेपदाच्या) सातव्या मॅचमध्ये पायरेट्सच्या मॅझेरोस्कीने शेवटी होमरन मारून न्यूयॉर्क यांकीजना हरवलं, तेव्हा विजयी पिचर म्हणून नाव लागलं ते हॅडिक्सचं. हे कार्ड एकटंच सुटं आहे, मागे आजोबांनी शाळकरी अक्षरात पेन्सिलीने फोर्ब्स फील्डला (पायरेट्सच्या तेव्हाच्या मैदानावर) मॅच बघितल्याची तारीख लिहिलीय.

आणि पायरेट्सचा रॉबर्टो क्लेमेंटे. त्याची कार्डं आली की आजोबांचा आवाजच बदलतो. साठच्या दशकातल्या कार्डांवर त्याचं नाव बॉब छापलंय, मुलाने विचारलं असं का, तर आजोबा चिडूनच म्हणाले की त्याला ते आवडायचं नाही, तो रॉबर्टोच. १९७० च्या कार्डावर परत रॉबर्टो आहे. सप्टेंबर १९७२ च्या शेवटी ३००० वी हिट, आणि ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन जाताना विमान समुद्रात पडलं. त्याचा देहही सापडला नाही. १९७३ चं कार्ड तो गेल्यावर दुकानात आलं. हिट्स ३००० वरच थांबल्या. एरवी हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी) खेळ थांबल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवून १९७३ मध्येच घेतलं.

तर प्रश्न: कार्डं कशी काढू, पेन्सिलीचं लिखाण पुसायचं का (एका दुकानदाराने पुसा म्हणून सांगितलं, मला मुळीच पटलं नाही), आणि ग्रेडिंगला (कार्ड अस्सल आहे का आणि किती चांगलं राहिलंय ते तपासून दर्जा देतात तिथे) काय पाठवावं? १९५५ चं क्लेमेंटेचं पहिलं कार्डही आहे, कोपरे गोल झालेत.

---

ओहायोकर: घाई करू नका. बिनमेणाचा, बिनवासाचा डेंटल फ्लॉस घ्या, कार्ड आणि पानाच्या मध्ये घालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. गोंद फारच कडक असेल तर पानाच्या मागून हेअर ड्रायर अगदी कमी उष्णतेवर, लांबून. आधी अगदी साध्या कार्डावर करून बघा, क्लेमेंटे सगळ्यात शेवटी. अडलं तर कार्ड ओढू नका, त्यापेक्षा पानच भोवतीने कापून ठेवा. मागचा कागद सोलला गेला की ग्रेड धाडकन खाली येते.

जुनीपुराणी: पेन्सिल अजिबात पुसू नका!! ग्रेडिंगवाले खूण म्हणून नोंदवतील, नोंदवू देत. एका लहान मुलाने मॅच बघून घरी येऊन लिहिलेली तारीख आहे ती. आणि १९५६ पर्यंतची कार्डं आकाराने मोठी असतात, २⅝ बाय ३¾ इंच, आत्ताच्या नऊ कप्प्यांच्या पानात कोंबलीत तर कोपरे जातील, मोठ्या मापाचे स्लीव्ह मागवा. पीव्हीसीचं काही घेऊ नका. १९७१ ची काळ्या बॉर्डरची असतील तर कडांना बोटसुद्धा लावू नका, काळा रंग उडून पांढरं दिसतं. ग्रेडिंगला फक्त ५५ चं पाठवा, रिप्रिंट नाही ना तेही कळेल, बाकीच्यांवर फी घालवण्यात अर्थ नाही.

धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार. आधी प्रत्येक पानाचे फोटो काढतो, मग एखाद्या साध्या कार्डावर फ्लॉस. पुसणार नाही, ठरलं. आजोबा सांगतात ते फोनवर रेकॉर्ड करायला त्यांची हरकत नाहीये, मुलगा प्रत्येक कार्डाच्या नावाने वेगळी फाइल करतोय. पिट्सबर्गच्या आसपास कागदाचं जतन करणारं कोणी माहितीत असेल तर प्लीज मेसेज करा, ५५ च्या कार्डाला स्वतः हात लावायचं धाडस होत नाहीये.