दिवाळीच्या सुट्टीत भूमध्य समुद्र: क्रीट, डाल्मेशिया की अमाल्फी?

किनारेकर
माझं मत स्पष्ट सांगतो. मुलांच्या शाळेची सुट्टी सांभाळून भूमध्य समुद्रावर जायचं असेल तर क्रीट, म्हणजे ग्रीसचं बेट. आपल्याला मे मिळतो नाहीतर दिवाळी. मे महिन्यात तिथलं पाणी अजून गार असतं. उन्हाळाभर तापलेला समुद्र मात्र ऑक्टोबरातही ऊब धरून असतो. तोवर डाल्मेशियाचं, म्हणजे क्रोएशियाच्या किनाऱ्याचं, पाणी २० अंशांच्या आसपास उतरलेलं असतं, क्रीटला २२-२३ मिळतं. तिथल्या एलाफोनीसी किनाऱ्याची वाळू गुलाबी झाक असलेली, आणि पाणी इतकं उथळ की लहान पोरं गुडघाभर पाण्यात दूरवर चालत जातात. भरती-ओहोटी नावापुरतीच, त्यामुळे कोकणात बघावी लागते तशी भरतीची वेळ बघायला नको. इटलीतल्या अमाल्फीला काय? गोट्यांचा चिंचोळा किनारा, त्यातला बराचसा छत्री-खुर्चीचे पैसे मोजणाऱ्यांसाठी, आणि कड्यावर वसलेल्या पोझितानो गावाच्या पायऱ्या. सोबत आई-बाबा असतील तर त्यांच्या गुडघ्यांचा विचार करा.

नेपल्सवासी
अजिबात पटलं नाही. फोटो बघून पोझितानोत हॉटेल घ्यायचं आणि मग पायऱ्यांना नावं ठेवायची, हे बरोबर नाही. जवळच्या सालेर्नोत राहा. रोमहून थेट ट्रेन येते, शहर बऱ्यापैकी सपाट आहे, खोल्याही स्वस्त. तिथून बोटीने अर्ध्या-पाऊण तासात अमाल्फी. कड्यावरच्या त्या अरुंद रस्त्यावर बसमध्ये उभं राहून वळणं खाण्याची गरजच नाही. आणि हा किनारा बघायचा तर समुद्रातूनच: पायऱ्यापायऱ्यांची शेतं, लिंबांवर घातलेल्या जाळ्या, वर डोंगरावरचं रावेल्लो गाव. मुलांना पाण्यात खेळायचं असेल तर मायोरीला जा, तिथला किनारा लांब आणि मोकळा आहे. पाऊस आला तर ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन पॉम्पेई हाताशी आहे. क्रीटच्या पश्चिम टोकाला पाऊस लागला तर काय करणार?

आणि दिवाळीचं गणित दरवर्षी जमत नाही. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तोवर क्रीटच्या किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं हंगाम संपवून कुलूप लावतात.

दर्यावर्दी
दोघांनीही पाण्याचा विचार वाळूपुरताच केलाय. डाल्मेशियाचा किनारा चुनखडीचा. पावसाचं पाणी खडकात मुरतं, गाळ घेऊन येणाऱ्या नद्या कमी, म्हणून समुद्र इतका नितळ. बोटीच्या काठावरून तळाचे दगड मोजता येतात. वाळू नाही हे खरं. रबरी बूट घ्या, खडकांत काटेरी समुद्री साळू असतात. पण स्प्लिट शहरातून ५० मिनिटांत फेरी ब्राच बेटावर पोचवते, आणि संध्याकाळी परत येऊन तुम्ही रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्यात फिरता, जिथे आजही लोक राहतात. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, चलनही युरो. इटलीला जोडून एकाच व्हिसावर होतं. माझं म्हणणं, जूनचा पहिला आठवडा साधा. शाळा उघडायच्या आत परत येता.

किनारेकर
जूनच्या सुरुवातीला तुमचं पाणी नितळ असेल, पण मुलं दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतील. नोव्हेंबरातल्या दिवाळीला क्रीट नको, हे मान्यच. मी ऑक्टोबरबद्दल बोलतोय. पण नोव्हेंबरात अमाल्फीच्या बोटीही बंद होत आलेल्या असतात, मग राहतो तो तुमचा अरुंद रस्ताच.

शिवाय जेवण. आम्ही शाकाहारी. क्रीटला ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, भात भरलेले टोमॅटो, चांगल्या अंगठ्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची भाजी, हे साध्या खानावळीतही मिळतं. स्प्लिटला मासे न खाणाऱ्याच्या वाट्याला बटाटा आणि ब्लित्वा नावाची पालेभाजी.

नेपल्सवासी
नेपल्सच्या आसपास शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही हो! मार्गारिटा पिझ्झा इथलाच, चीज घालून भाजलेली वांग्याची पार्मिजाना आहे, सोरेंतोचे न्योकी, म्हणजे बटाट्याचे छोटे गोळे, आहेत.

बाकी एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. क्रीटमधल्या हान्या शहरातून एलाफोनीसी म्हणजे घाटातला दीड तास. हंगामात बस असते, पण ती तिच्या वेळेला परत निघते. खरं सुख हवं तर गाडी भाड्याने घ्यावी लागते, म्हणजे निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, आणि तिथे उजव्या बाजूने गाडी चालवायची तयारी ठेवा. घरात तेवढं चालवणारं कोणी नसेल तर सालेर्नोच बरं.