कॅम्पर घेऊन रॉकीजमध्ये: डोंगर, म्युझियम, नातलग आणि तुमचे अनुभव

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात कॅम्पर, म्हणजे आरव्ही, घेऊन भटकणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. एकाच फेरीत नॅशनल पार्क, शहरातली म्युझियम आणि वाटेवरचे नातेवाईक साधायचे म्हटलं की खरा प्रश्न पडतो तो हे अवजड घर न्यायचं कुठवर आणि उभं करायचं कुठे. स्थळांच्या याद्या सगळीकडे मिळतात. तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा. सुरुवात मीच करते.

मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधला 'गोइंग-टू-द-सन' रस्ता सासूबाईंना दाखवायचाच होता. पण अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या मधल्या टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब किंवा 8 फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे. आमचा कॅम्पर 25 फुटी. तो अ‍ॅपगारच्या कॅम्पग्राउंडवर लावला आणि पार्कच्या शटलने निघालो. फार बरं झालं. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला दरी. अशा रस्त्यावर चालवणाऱ्याला पुढच्या वळणापलीकडे काही बघता येत नाही. शटलमध्ये नवऱ्यालाही खिडकी मिळाली. 6,646 फुटांवरच्या लोगन पास या खिंडीत उतरलो तर पार्किंगमध्ये पांढऱ्या डोंगरी शेळ्या गाड्यांखाली सांडलेलं काहीतरी चाटत होत्या. एकीची हिवाळी लोकर अर्धी गळून पोटाखाली लोंबत होती. गुडघ्यांमुळे सासूबाईंना पायवाट झेपणारी नव्हती. त्या तिथेच बसून शेळीच्या पिल्लाची कठड्यावरची चढउतर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, मला इथून उठवू नका."

* * *

आमचा डेन्व्हरचा अनुभव. चुलतभावाकडे उतरायचं होतं, पण त्याच्या कॉलनीच्या असोसिएशनला ड्राइव्हवेत रात्रभर आरव्ही चालत नाही. त्याने हे आधीच विचारून ठेवलं होतं. म्हणून कॅम्पर शहराबाहेरच्या आरव्ही पार्कमध्ये हुकअपला, म्हणजे तिथल्या वीज-पाण्याच्या जोडणीला, जोडला आणि त्याच्या गाडीतून हिंडलो. बंदिस्त पार्किंगची उंची आरव्हीला सहसा पुरत नाही, तेव्हा म्युझियमला कॅम्पर नेण्याचा विचारही करू नका.

डेन्व्हर म्युझियम ऑफ नेचर अँड सायन्समध्ये 'अल्मा किंग'समोर थोडा वेळ थांबाच. र्‍होडोक्रोसाइटचा लालबुंद स्फटिक, कोलोरॅडोतल्याच अल्मा गावाजवळच्या स्वीट होम खाणीत 1992 साली सापडलेला. ज्या डोंगरांतून आपण कालच उतरलो त्यांच्याच पोटातून हे निघालं, हे कळल्यावर आमची मुलं परतीच्या वाटेवर दिसेल त्या कड्याकडे बोट दाखवून "इथेही असेल का?" विचारत होती. माझं मत: आधी डोंगर, मग म्युझियम. (बायकोच्या मते उलट क्रम जास्त चांगला, म्हणजे डोंगरात काय बघायचं ते कळतं.)

* * *

कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला ट्रेल रिज रोड 12,183 फुटांपर्यंत चढतो. चढापेक्षा उताराची काळजी घ्या. खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी रोखत उतरा. ब्रेक सतत दाबून धरला तर तापतो आणि मग लागत नाही. आणि कुकर न्या. आठ हजार फुटांवर पाणी साधारण 92 अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

* * *

यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये अस्वलांमुळे फक्त टणक भिंतींची वाहनं चालतात, तंबू किंवा कापडी बाजूंचे ट्रेलर नाहीत. भाड्याने घेण्याआधी बघा. पाऊस लागला तर मोंटानातल्या बोझमन शहरातलं म्युझियम ऑफ द रॉकीज गाठा, टी. रेक्स डायनोसॉरच्या सांगाड्यापुढे अख्खी दुपार निघून जाते.

* * *

माझी आत्या सॉल्ट लेक सिटीजवळ राहते. तिला आता प्रवास होत नाही, त्यामुळे आमचे डोंगर ती फोटोतच बघायची. या वेळी कॅम्पर थेट तिच्या दारात लावला. हाताला धरून आत घेतलं. तिने आधी कपाटांच्या कड्या एकेक ओढून पाहिल्या, मग शेगडी, मग बेसिन. "एवढासा ओटा, पण सगळं हाताशी आहे गं," म्हणाली आणि चहा स्वतःच टाकला. रात्रीही आमच्यातच झोपली. नातलगांना भेटायला कॅम्परच न्यावा असं मला त्या दिवसापासून मनापासून वाटतं. त्यांच्या घरावर आपला भार पडत नाही आणि वर त्यांना आपल्याकडे पाहुणं बोलावता येतं.

दोन गोष्टी मात्र पाळा. कोणाच्या दारात जाण्याआधी डंप स्टेशनवर, म्हणजे आरव्हीचं सांडपाणी सोडायच्या ठिकाणी, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करा. घरच्या साध्या प्लगला अडॅप्टर लावून दिवे आणि फ्रिज चालतात, पण एसी लावू नका, फ्यूज उडतो.

* * *

कधी जावं, असं एकीने विचारलंय. ट्रेल रिज साधारणपणे मेअखेरीस उघडतो, पण गोइंग-टू-द-सन बर्फ काढून पूर्ण खुला व्हायला बहुधा जूनअखेर किंवा जुलै उजाडतो. दोन्ही हवे असतील तर जुलैच्या मध्यानंतरचं ठरवा, आणि कॅम्पग्राउंडचं बुकिंग त्याच्या कितीतरी आधी करा.