मदत हवी आहे: सोपयूआयमधल्या टेस्ट रात्री सर्व्हरवर पास, सकाळी माझ्या लॅपटॉपवर फेल

मोगरा

नमस्कार मंडळी,

धागा जरा लांबेल. चार दिवस एकाच जागी अडकले आहे आणि आमच्या ऑफिसात टेस्टिंगचं दुसरं कुणी नाही, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

मी नाशिकला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. मुलगी झाल्यावर पाच वर्षं घरी होते, यंदा जूनमध्ये पुन्हा रुजू झाले. आधीचं माझं काम हाताने टेस्टिंग करायचं होतं: स्क्रीन उघडायची, आकडे भरायचे, निकाल एक्सेलमध्ये टिपायचा. वेब सर्व्हिस टेस्टिंग इथे आल्यावर शिकतेय. आमचं सॉफ्टवेअर विमा एजंट वापरतात. गाडीचं मॉडेल, वर्ष, शहर भरलं की विमा कंपनीच्या सोप सर्व्हिसला (एक्सएमएलमधून निरोप देणारी-घेणारी वेब सर्व्हिस) रिक्वेस्ट जाते आणि हप्ता किती ते परत येतं.

माझ्या आधी जे होते त्यांनी सोपयूआय या वेब सर्व्हिस टेस्टिंगच्या साधनाच्या फुकट आवृत्तीत प्रोजेक्ट बांधून ठेवला आहे. एकूण ४५ टेस्ट केस. रोज रात्री लिनक्स सर्व्हरवर जेनकिन्समधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं साधन) सोपयूआयचा टेस्ट चालवणारा टेस्टरनर चालतो आणि सकाळी रिपोर्ट येतो, ४५ च्या ४५ पास. तीच प्रोजेक्टची एक्सएमएल फाइल मी माझ्या लॅपटॉपवर उघडून चालवली की ३ पास, ४२ फेल. फाइलमध्ये एका अक्षराचाही बदल नाही, दोन्ही फाइल शेजारी ठेवून ताडून पाहिल्या.

फेल होतात तिथे सोप फॉल्ट, म्हणजे सर्व्हिसकडून चूक कळवणारा निरोप, येतो. त्यात एवढंच की सिक्युरिटी हेडर (रिक्वेस्टमधला ओळख पटवणारा भाग) तपासताना चूक आढळली. कुठली, ते नाही.

आतापर्यंत केलेलं: पासवर्ड नव्याने टाकला. सोपयूआय काढून परत घातलं. प्रॉक्सी बंद केला. ऑफिसचं नेट सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाहिलं. विमा कंपनीच्या मदत कक्षाला मेल केला, त्यांचं उत्तर आलं की सर्व्हिस सुरू आहे, अडचण तुमच्या बाजूची आहे.

नव्या टेस्ट लिहायच्या तर मला त्या लॅपटॉपवरच चालवून बघाव्या लागतात. दर वेळी रात्रीची वाट बघत बसले तर काम पुढे सरकत नाही. सोमवारी नवी आवृत्ती द्यायची आहे. कुणी याच्यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

पिंपळपान

ताई, पासवर्ड साधा पाठवताय की डायजेस्ट करून? डायजेस्ट असेल तर नॉन्स (दर वेळी नवं बनवलेलं, एकदाच वापरायचं मूल्य), वेळ आणि पासवर्ड एकत्र करून त्याचा शा-१ (उलट न फिरवता येणारा ठसा) काढतात आणि मग तो बेस ६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, लिहितात. यात एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी सर्व्हर नाकारतो. विंडोज आणि लिनक्समध्ये अक्षरांचं एन्कोडिंग वेगळं असेल आणि पासवर्डमध्ये एखादं वेगळं चिन्ह असेल, तर असं होऊ शकतं.

मोगरा

डायजेस्टच आहे दादा. पासवर्डमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे आहेत, विशेष चिन्ह एकही नाही. टेस्ट केसच्या सुरुवातीला एक ग्रूव्ही स्क्रिप्टची (ग्रूव्ही ही सोपयूआयमध्ये वापरायची प्रोग्रामिंग भाषा) स्टेप आहे, ती नॉन्स, वेळ आणि डायजेस्ट बनवते. पुढची स्टेप ते उचलून रिक्वेस्टमध्ये घालते. ती स्क्रिप्ट मला अजून नीट वाचता येत नाही.

सह्यवारा

मोगराताई, तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिली आहे आणि बहुधा तुमचं तिकडे लक्ष गेलेलं नाही. ३ पास होतात. त्या ३ कुठल्या? त्यांच्या रिक्वेस्टमध्ये सिक्युरिटी हेडर आहे का? नसेल तर नेट, प्रॉक्सी, सर्टिफिकेट, पत्ता हे सगळं ठीक आहे आणि शोध फक्त हेडरपुरता उरतो.

दुसरं. रिक्वेस्टच्या खिडकीत डावीकडे उभे टॅब असतात, त्यातला ‘रॉ’ उघडा. एक्सएमएल टॅबमध्ये आपण लिहिलेलं दिसतं, डॉलरच्या कंसातल्या जागा तशाच रिकाम्या. रॉमध्ये त्या जागा भरून प्रत्यक्ष तारेवरून काय गेलं ते दिसतं. रिक्वेस्ट पाठवल्यावरच तो भरतो, आधी नाही. खाली एचटीटीपी लॉगमध्येही तेच सापडेल. सिक्युरिटी हेडरमधली ‘क्रिएटेड’ची ओळ (हेडर कधी बनला ती वेळ) इथे लिहा आणि रिक्वेस्ट पाठवली तेव्हा तुमच्या घड्याळात किती वाजले होते तेही लिहा. युझरनेम, पासवर्ड, डायजेस्ट, सर्व्हिसचा पत्ता इथे अजिबात टाकू नका. लोक घाईत अख्खा लॉग चिकटवतात आणि ग्राहकाच्या गाडीचा नंबरसुद्धा त्यात निघून जातो.

मोगरा

दादा, त्या ३ टेस्ट गाड्यांच्या मॉडेलची यादी आणतात. त्यांना सिक्युरिटी हेडर नाही! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि रॉमध्ये क्रिएटेडची ओळ अशी आहे: आजची तारीख, मग टी, मग ११:१०:४२, आणि शेवटी झेड. रिक्वेस्ट पाठवली तेव्हा लॅपटॉपवर सकाळचे ११ वाजून १० मिनिटंच झाली होती. म्हणजे वेळ तर बरोबर दिसतेय.

सह्यवारा

सापडलं. वेळ बरोबर दिसतेय हीच अडचण आहे.

शेवटचा झेड म्हणजे ‘ही वेळ यूटीसी (जगभरासाठीची एकच प्रमाणवेळ) आहे’ असं सर्व्हरला सांगणं. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. तुमच्याकडे ११:१० झाले तेव्हा यूटीसीमध्ये ०५:४० झाले होते. तुम्ही ११:१० लिहून पुढे झेड लावलात, म्हणजे सर्व्हरच्या हिशोबाने ही रिक्वेस्ट आपल्याकडच्या दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी लिहिली गेली. अजून न आलेल्या वेळेची रिक्वेस्ट कुठलाही नीट बांधलेला सर्व्हर घेणार नाही. जावावाल्या बऱ्याच सर्व्हरवर डब्ल्यूएसएसफोरजे नावाची लायब्ररी हे तपासते आणि तिचं मुळातलं सेटिंग बरंच कडक आहे. जुनी रिक्वेस्ट ३०० सेकंदांपर्यंत चालते, पुढच्या वेळेची फक्त ६० सेकंदांपर्यंत. कुणी चोरून टिपलेली रिक्वेस्ट नंतर पुन्हा वापरू नये म्हणून हा पहारा असतो.

पिंपळपान यांनी डायजेस्टची शंका काढली ती रास्तच होती. पण इथे डायजेस्ट बनवताना तीच चुकीची वेळ वापरली गेली आहे, त्यामुळे सर्व्हरवर डायजेस्ट जुळतो आणि पुढे वेळेवर गाडी अडते. फॉल्टमध्ये कारण न सांगणंही मुद्दाम असतं, आत शिरू पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते कळू नये म्हणून.

आता रात्री का चालतं? तो लिनक्स सर्व्हर यूटीसीवर लावलेला असणार, बहुतेक सर्व्हर तसेच असतात. जावा आपला टाइमझोन मशीनकडून घेते. तिथे स्थानिक वेळ हीच यूटीसी, म्हणून झेड खरा ठरतो.

स्क्रिप्टमध्ये ‘सिंपल डेट फॉरमॅट’ (वेळ ठरावीक नमुन्यात लिहिणारा जावाचा भाग) शोधा. त्याच्या नमुन्यात झेड एकेरी अवतरणात असेल. अवतरणात टाकलं की ते नुसतं छापायचं अक्षर होतं, त्याला काही अर्थ राहत नाही. खालच्याच ओळीत त्या फॉरमॅटला टाइमझोन यूटीसी सांगून द्या. एका ओळीचं काम.

मोगरा

अवतरणात झेड! अगदी तसंच आहे. चार दिवस मी पासवर्ड बदलत बसले होते. दादा, मनापासून आभार. एकच विचारते, ४२ टेस्ट केसमध्ये ४२ वेळा ती स्क्रिप्ट आहे. सगळीकडे बदलू? आणि जावाला पूर्ण प्रोग्रामपुरतं यूटीसी सांगता येतं असं कुठेतरी वाचलं, ते करू का?

अंगण

मी लेस्टरला असते, इथे एका आरोग्यविषयक सॉफ्टवेअरच्या टीममध्ये टेस्टिंग करते. तुमचा धागा वाचला आणि राहवलं नाही. आमच्याकडे हाच झेड अख्खा हिवाळा लपून बसला होता, कारण हिवाळ्यात ब्रिटनची वेळ आणि यूटीसी एकच असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे गेली आणि सोमवारी सकाळी सगळं लाल. आम्हीही आधी पासवर्डच बदलले होते, त्यामुळे ते चार दिवस वाया गेले असं मनाला लावून घेऊ नका.

तुमच्या प्रश्नाबद्दल. सोपयूआयच्या व्हीएमऑप्शन्स फाइलमध्ये (जावाची सेटिंग्ज असतात ती) यूझर टाइमझोन यूटीसी लिहिला तर आज चालेल, सोमवारपर्यंत निभेल. पण ती दुरुस्ती तुमच्या लॅपटॉपवरच राहते. उद्या दुसरं कुणी रुजू झालं की ते पुन्हा इथेच अडकणार. शिवाय हप्त्याच्या तारखा सोपयूआयमध्ये बनवत असाल, तर रात्री १२ ते पहाटे साडेपाचपर्यंत त्या एक दिवस मागच्या येतील.

मी तुमच्या जागी असते तर ती स्क्रिप्टच काढून टाकली असती. सोपयूआयमध्ये हे सगळं आयतं आहे. प्रोजेक्टवर दोनदा क्लिक करा, डब्ल्यूएस-सिक्युरिटी कॉन्फिगरेशन्सचा टॅब, त्यात आउटगोइंग. तिथे एक नोंद तयार करून तिच्यात युझरनेम जोडा आणि पासवर्डचा प्रकार डायजेस्ट निवडा. सर्व्हिस वेगळा टाइमस्टॅम्पही मागत असेल तर तोही तिथेच जोडता येतो. मग प्रत्येक रिक्वेस्टच्या ऑथ टॅबमध्ये आउटगोइंगच्या जागी ती नोंद निवडायची. वेळ यूटीसीतच जाते, मशीन कुठलंही असो. फक्त एक ध्यानात ठेवा: एक्सएमएलमधला जुना सिक्युरिटी हेडर पुसायला विसरू नका, नाहीतर दोन हेडर जातील आणि परत तोच मोघम फॉल्ट येईल.

स्क्रिप्टच ठेवायची असेल तर जावा ८ पासूनचा ‘इन्स्टंट’ वापरा, तो मुळातच यूटीसी देतो. पण सेकंदापर्यंत छाटून घ्या. जावा ९ पासून सेकंदाच्या अपूर्णांकात तीनपेक्षा जास्त अंक येऊ शकतात आणि काही सर्व्हर ते नाकारतात.

पिंपळपान

अंगणताईंचं पटलं. मोगराताई, पुढे कधी अडलात तर मदतीच्या वाटाही सांगून ठेवतो. फुकट सोपयूआयला कंपनीचा अधिकृत सपोर्ट नाही, तो पैसे भरून घेतलेल्या रेडीएपीआयला मिळतो. पण सोपयूआय बनवणाऱ्या स्मार्टबेअर कंपनीच्या कम्युनिटीवर जुने प्रश्न भरपूर आहेत आणि स्टॅक ओव्हरफ्लोवर सोपयूआयचा वेगळा टॅग आहे. तिथे विचारताना सोपयूआयची आवृत्ती, जावाची आवृत्ती, रॉ रिक्वेस्ट आणि एरर लॉग एवढं दिलंत तर उत्तर लवकर येतं. तुम्ही इथे ‘३ पास’ लिहिलंत म्हणून सह्यवारांना धागा सापडला. लोक तेच नेमकं गाळतात.

मोगरा

सगळ्यांना कळवायचं होतं म्हणून परत आले.

शुक्रवारी दुपारी अंगणताईंनी सांगितलं तसं आउटगोइंगमध्ये नोंद केली, आधी एकाच टेस्ट केसवर लावून बघितली. पहिल्यांदा फेल झाली, कारण जुना हेडर पुसायचा राहिला होता. तो काढला आणि हिरवी झाली. मग संध्याकाळपर्यंत बाकीच्या ४१ केल्या. लॅपटॉपवर ४५ पास, रात्री सर्व्हरवरही ४५ पास. सर्व्हरच्या प्रशासकांना विचारलं, तो यूटीसीवरच आहे. आणि माझ्या आधीचे गृहस्थ कायम त्याच सर्व्हरवर रिमोटने काम करायचे, म्हणून त्यांना हे कधी दिसलंच नाही. प्रोजेक्टच्या वर्णनात मराठीत आणि इंग्रजीत चार ओळी लिहून ठेवल्या आहेत.

काल मी पहिल्यांदा स्वतःहून एक टेस्ट केस लिहिली. सलग ५ वर्षं दावा केला नाही की नो क्लेम बोनस (हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर जातो आणि पुढे तिथेच राहतो. सहाव्या वर्षाची गाडी घालून पाहिली, तर आमचं सॉफ्टवेअर रिक्वेस्टमध्ये बोनस शून्य पाठवतं. सर्व्हिस ठीक आहे, चूक आमच्या बाजूची आहे. रॉ रिक्वेस्ट जोडून डेव्हलपरकडे दिली आहे, ती सोमवारच्या आवृत्तीत दुरुस्त होऊन जाणार आहे.